सरताजची बादली

कुणाला खोटं वाटलं तर वाटू द्या. जलालुद्दीनचाचांना उजवा हात नव्हता, हे वडवणीच्या बाजारात कुणीही सांगेल. तो कसा गेला, ते मात्र लोक सांगत नाहीत.

मी सांगतो. खरं तेच सांगतो.

आणि रात्रबित्र काही नव्हती. जे झालं ते भर दुपारी झालं.

सन त्र्याहत्तर, चैत्र महिना. आदल्या वर्षीचा पावसाळा कोरडाच गेलेला. वडवणीजवळच्या माळावर खडी फोडायचं दुष्काळी काम चालू होतं. माळाच्या कडेला दूध सोसायटीचे चेअरमन सुंदरराव यांचा तबेला होता. आणि तबेल्यात सरताज.

सरताज म्हणजे साधंसुधं जनावर नव्हे. पुण्याच्या आणि हैदराबादच्या रेसकोर्सवर त्याने एकवीस शर्यती मारल्या होत्या. पळणं थांबल्यावर सुंदररावांनी त्याला पैदाशीसाठी आणला. त्याची निगा राखणारा मोतद्दार जलालुद्दीनही त्याच्यामागे आला. घोड्याच्या कपाळावर पांढरा चांद होता. जलालुद्दीन त्याला रोज तिथेच थोपटायचा.

पण दोन वर्षांत त्याचं एकही शिंगरू जगलं नाही. त्यात दुष्काळात तेरावा महिना. माणसांना घागरभर पाणी मिळेना, आणि घोड्याला रोज तीन बादल्या! लोक दात-ओठ खायला लागले.

सुंदरराव म्हणाले, "जलाल, परवा सकाळी धारूरचे विठ्ठलराव घोडी आणतेत. ही फळली तर ठीक. न्हाई तर घोडा इकून टाकतो. मला गावात तोंड दाखवायचं हाय."

जलालुद्दीनचा तो पोटच्या पोरासारखा सांभाळलेला घोडा. त्याचं नाव चालवायला एक तरी शिंगरू हवं होतं. एकच.

आता, जलालुद्दीनला त्याच्या उस्तादाने शिकवलेला एक नियम होता. घोडी दाखवायच्या आधी घोड्याला पाणी पाजायचं नाही, पोट जड होतं. त्याने आदल्या सांजेलाच बादली पालथी घातली.

सकाळ झाली. घोडी आली नाही.

दिवस गेला. घोडी आली नाही.

दुसरा दिवस उजाडला तेव्हा सरताज भिंत चाटत होता. चेअरमनच्या बायकोला, गीताबाईला, बघवेना. "आरं, पाज की त्याला!"

"आत्ता येतील, वैनी. एवढी एक घोडी फळू द्या."

दुपारी माळावर टँकर आला.

सरताजने मान वर केली. नाकपुड्या फुगवल्या. आणि दावं तटकन तुटलं.

बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या होत्या. घोडा सरळ त्यांच्यात घुसला. खडी फोडणारी छबुबाई खाली पडली आणि तिच्या मांडीवर टाप आली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. सरताजला मात्र पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं. बाईवर उभा राहून तो नळी शोधत होता.

"हाणा त्याला! बाई मेली!"

जलालुद्दीन धावत आला. आयाळ ओढली, हाका मारल्या. घोडा हलेना. छबुबाईची किंकाळी बारीक होत चालली होती. शेवटी त्याने शेजारी पडलेला घण उचलला.

पहिला घाव त्याचाच. कपाळावरच्या चांदावर.

मग बाकीचे तुटून पडले. घोडा कोसळला तरी घण थांबले नाहीत. दुष्काळाचा सगळा राग त्या जनावरावर निघाला. छबुबाई वाचली. सरताजच्या ओठांना पाणी लागलं होतं, पण घशाखाली उतरलं नाही.

संध्याकाळी विठ्ठलराव पोचले. घोडीच्या पायात खुंट घुसला म्हणून वाटेत दीड दिवस अडकले होते. मेलेला घोडा बघून त्यांनी घोडी तशीच परत नेली.

दुसऱ्या दिवशी धारूरला गोठ्यात बघतात तर...

घोडीच्या मानेवर दात उमटलेले. घोडा घोडीला वरून धरतो, तसे.

अकरा महिन्यांनी ती व्याली.

निरोप मिळताच जलालुद्दीन धारूरला धावला. वाटभर हसत होता, रडत होता. कसं का असेना, सरताजचं नाव राहिलं!

शिंगराच्या कपाळावर पांढरा चांद होता. आणि चांदाच्या मधोमध...

खळगा. घणाच्या तोंडाएवढा.

"जन्मतःच हाय," विठ्ठलराव दारातून म्हणाले. "अन् तीन दिस झाले, दुधाला शिवत न्हाई. निस्तं पाणी पितंय."

जलालुद्दीनने वाकून उजवा हात त्या खळग्यावर ठेवला.

मागे फरशीवर... टाप वाजली.

गोठ्यात दुसरा घोडा नव्हता.

त्याच्या मानेवर गरम श्वास आला.

पुढचं विठ्ठलरावांनी डोळ्यांनी पाहिलं. जलालुद्दीनचा उजवा हात आपोआप वर उचलला गेला. कोपराजवळची कातडी दबली, फाटली, हाड कडकडलं. मग झटके सुरू झाले. तो अख्खा माणूस भिंतीवर आपटत होता. एकदा, दोनदा, तीनदा. समोर कुणीच नव्हतं.

बीडला हात कापावा लागला. डॉक्टरांनी विचारलं, "घोडा चावला का?" विठ्ठलराव हो म्हणाले. दुसरं काय सांगणार?

शिंगरू जगलं. त्याची पैदास आजही आमच्याकडे वरातीत नाचते. मी कधी त्यांच्या कपाळाकडे बघत नाही.

चाचा मरेपर्यंत रोज दुपारी अंगणात भरलेली बादली ठेवायचे. मी एकदा विचारलं, "चाचा, तुमाला त्याचा राग येत न्हाई?"

"राग कावून बे? त्यानं माजा गळा धरायला पायजे होता. डावा हात बी ठिवला."

"कशाला?"

"बादली उचलायला."

आता त्यांची मुलगी रहिमाबी ती बादली ठेवते. मागच्या वैशाखात पाच दिवस टँकर आला नव्हता. मी दुपारी तिच्याकडे गेलो. दाराच्या फळ्या बाहेरून टापांनी फुटल्या होत्या. ती उंबऱ्यात बसली होती, तहानेने ओठ फुटलेले. अंगणातली बादली मात्र अर्धी भरलेली होती.

वारा नव्हता. तरी पाणी... घोटाघोटाने खाली जात होतं.

माझ्याकडे पाण्याची एक बाटली होती.

ती मी रहिमाबीला दिली नाही. बादलीत ओतली.