नाव खरं, काच खोटी

"हा आजींचा दिवा नाहीच!" अनुजा ओरडली. "परत टॉर्च मार!"

जिनेंद्रने नोटा तपासायचा जांभळा टॉर्च परत मारला. दिव्याची रॉकेल भरायची काचेची टाकी ढिम्म! चार दिवसांपूर्वी याच उजेडात ती पोपटी हिरवी चमकली होती, तेव्हा दोघा मित्रमैत्रिणींनी केवढा दंगा केला होता! पूर्वी काही काचांमध्ये थोडं युरेनियम मिसळत, म्हणून त्या अशा चमकतात आणि असे जुने दिवे हौशी लोक चांगल्या किमतीला घेतात, हे जिनेंद्रने तिथल्या तिथे शोधून काढलं होतं.

दिवा शेजारच्या अंबूबाई आजींचा, त्यांच्या आईकडून आलेला. मोतीबिंदूमुळे त्यांना आता माणूस आवाजावरूनच कळायचा. दिवा विकून डोळ्यांचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं. म्हणून जिनेंद्रच्या वडिलांनी, बापूसोंनी, तो आपल्या दोस्ताकडे किंमत करायला दिला होता. हा दोस्त म्हणजे जुन्या वस्तूंचे व्यापारी हंबीरराव. आज दिवा परत आला, सोबत निरोप : "नवा माल हाय. दोनशेच्या वर जाणार न्हाय."

दोघं धावत बापूसोंच्या गुळाच्या दुकानात गेले.

"बाबा, दिवा बदललाय!"

"गप बसा!" बापूसो खेकसले. "पितळेवर नाव हाय न्हवं? अंबूबाईंनी स्वतः चाचपून बघितलंय. सुट्टी लागली की ह्यांच्या डोक्यात किडं वळवळत्यात!"

नाव होतंच. लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसं, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. भांड्यावर नाव दिसलं की आपल्याकडे पुढे कोण बघतो? अनुजाने बघितलं. नाव असलेलं पितळी कडं काचेच्या टाकीला जिथे चिकटवलं होतं, तिथलं प्लास्टर पांढरंशुभ्र होतं. कालपरवाचं!

"पितळ तेच ठेवून काच बदलली!" अनुजाच्या अंगाचा तिळपापड झाला. "आजी फक्त नाव चाचपणार, हे त्याला ठाऊक होतं! दिसत नाही त्या बाईला फसवतो? बघतेच आता!"

बापूसो "अगं, थांब!" म्हणेपर्यंत ती बाहेर पडलीसुद्धा. अंबूबाईंचा हात धरून तिने त्यांना शाहूपुरीतल्या हंबीररावांच्या दुकानात नेलं. टॉर्च घेऊन जिनेंद्र आणि तणतणत बापूसोही मागे आले.

"या की पावणं!" हंबीरराव हसले. तेवढ्यात खट्‌कन दिवे गेले.

"ए, लाईट कुणी बंद केली रं?"

"मी!" जिनेंद्र म्हणाला आणि त्याने टॉर्च फिरवला. घंगाळं, घड्याळं, अडकित्ते, सगळं काळंनिळं. वरच्या फळीवर मात्र बरण्यांच्या मागून एक टाकी पोपटी हिरवी पेटल्यासारखी चमकली.

"ती गेल्या वर्षी कागलातनं आणलीया!" हंबीरराव घाईघाईने म्हणाले.

"हात लावू नका!" अनुजा गरजली. "आजी, तुमच्या दिव्याला नावाशिवाय काही खूण?"

"हाय की. बुडाला नखाएवढा टवका. म्हशीनं लाथ घातलीती तवा उडालाय. नाव लागलं हाताला, मग बूड कशाला बघतोय?"

जिनेंद्रने टाकी काढून त्यांच्या हातात दिली. बोट बुडाच्या काठावरून फिरलं आणि टवक्यावर थांबलं. अंबूबाईंनी टाकी पदरात घट्ट धरली.

"चुकून अदलाबदल झाली असंल..." हंबीरराव पुटपुटले.

"चुकून?" अनुजा फुत्कारली. "आणि पितळ तेवढं चुकून नव्या काचेवर जाऊन बसलं?"

बापूसोंचा चेहरा लालबुंद झाला होता. "आजपासनं तुझी दोस्ती तुटली," ते हंबीररावांना म्हणाले आणि त्यांनी तिथूनच पोलिसांना फोन लावला.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका जाणकाराने दिवा पारखला. खरा, शंभरी ओलांडलेला! त्याने सांगितलेल्या किमतीत दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन होऊन वर उरणार होतं.

"शाब्बास पोरी!" बापूसो आपल्या दुकानात अंबूबाईंना बसवून म्हणाले. "पेढं देतो तुला!"

"मला पेढे नकोत." अनुजाचा राग अजून उतरला नव्हता. "आम्ही सांगत होतो तेव्हा तुम्ही आम्हाला गप बसवलंत, काका. आजींचे डोळे गेले असते! माफी मागा त्यांची."

दुकानातले हमालसुद्धा काम सोडून बघायला लागले. बापूसोंनी टोपी काढली आणि अंबूबाईंसमोर हात जोडले. "चुकलं माझं."

"बरं बरं, घाल ती टोपी." अंबूबाईंनी चाचपडत अनुजाचा गाल शोधला आणि धरला. "नजर आली की पयलं ह्या पोरीचं तोंड बघणार हाय मी. एवढी भांडती, दिसती तरी कशी?"