भूगोलाच्या बाईंची बेल

दार लोटून घ्या कुणीतरी. कडी नको, नुसतं लोटा. आणि धाकटे, तू इकडे सरक, उंबऱ्यात नको बसूस. परवा तू त्या कॉलेजच्या गावाला राहायला जाणार आणि सकाळपासून माझं डोकं खाते आहेस, "काका, तिथली माणसं कशी असतील हो?" म्हणून ही गोष्ट सांगतो. माझ्या मित्राच्या बाबतीत घडलेली आहे. आणि शेवटी जे सांगेन, ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

या मित्राला आम्ही परीक्षक म्हणायचो. प्रत्येक गोष्टीला गुण द्यायची खोड होती त्याला. चहा दहापैकी सहा. सिनेमा दहापैकी चार. स्वतःच्या लग्नात सासऱ्यांच्या भाषणाला त्याने पाच दिले होते, आणि ते सासऱ्यांनी ऐकलं होतं. हसा, हसा, आत्ताच हसून घ्या.

तर परीक्षकाच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, एका लहानशा शहरातल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची नोकरी लागली. याचं काम घरबसल्या होतं. मिक्सर, पंप असलं काही विकत घेतलं की सोबत माहितीपत्रक येतं ना, 'बटण दाबा, हिरवा दिवा लागेपर्यंत थांबा', ती तो लिहायचा. लॅपटॉप उचलला आणि गेला बायकोमागून.

सामान लावलं त्याच संध्याकाळी तो दिव्याचे दोन बल्ब आणायला बाहेर पडला. कोपऱ्यावर दुकान होतं. दुकानदाराने बल्ब लावून दाखवले, कागदात गुंडाळले, हातात दिले. "नवीन दिसता, कुठून आलात" वगैरे काही नाही. जिन्यात दोन माणसं भेटली, मान हलवून बाजूला झाली. खालच्या मजल्यावर कॉलेजचे खेळाचे सर राहायचे. ते म्हणाले, "पाण्याची मोटर सहाला लागते," आणि दार लावून घेतलं. याने वर येऊन मला फोन केला. "गाव स्वच्छ आहे, हवा चांगली आहे. माणसं मात्र दगड. दहापैकी तीन."

"अरे, एका दिवसात निकाल लावतोस?" मी म्हणालो.

"पेपर कोराच आहे, तपासायला वेळ कशाला लागतो?"

त्याच मजल्यावर, समोरच्या घरात एक बाई एकट्या राहायच्या. कॉलेजात तीस-एक वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना भूगोलाच्या बाई म्हणत. बारीक अंगाच्या, हातात काठी, बोलणं जेवढ्यास तेवढं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला बेल वाजली. याने दार उघडलं, तर बाई पाठमोऱ्या, आपल्या दाराशी पोचलेल्या.

"काय हो बाई? काही हवंय?"

"नाही, नाही. मी आहे," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

तिसऱ्या दिवशी सातला पुन्हा बेल. चौथ्या दिवशी पुन्हा. एकदाच वाजायची. दार उघडावं तर बाई घरात शिरत असायच्या. याची सातला कंपनीतल्या साहेबांशी बैठक असायची, कानाला फोन. बरोब्बर तेव्हा ती टर्रकन वाजणारी जुनी बेल! साहेब विचारायचे, "आग लागली की काय तुमच्याकडे?"

मला म्हणाला, "एवढ्या गावात एकच बाई आपणहून दाराशी येते, आणि तीसुद्धा खोडी काढून पळते. 'मी आहे' म्हणे! आहात तर आहात, मी काय हजेरी घेतोय?"

वहिनींना तो हे बोलला नाही. बोलला असता तर त्या थेट समोरच्या दारात जाऊन बसल्या असत्या आणि चार शब्दांत सगळं कळलं असतं. त्या कॉलेजातून आठनंतर यायच्या, स्वतःच्या किल्लीने दार उघडायच्या. त्यांना त्या बेलची गरजच पडायची नाही. तेव्हा एका दुपारी परीक्षक स्टुलावर चढला, दारावरची बेलची पेटी उघडली, एक वायर काढली आणि झाकण परत बसवलं. पाच मिनिटांचं काम. बाहेरून सगळं जसंच्या तसं.

बाई रोज सातला येतच राहिल्या. आतून याला काठीचा आवाज यायचा. टक, टक. मग थांबायचा. मग परत टक, टक. बाईंना कमी ऐकू यायचं. बेल वाजत नाही हे त्यांना कळलंच नाही.

असे अडीच महिने गेले.

जानेवारीतला शनिवार होता. सकाळी हा पेपर आणायला खाली उतरला, तर बाईंच्या दाराशी दुधाची पिशवी पडलेली. याने पाहिली. पाय उचलून ओलांडली. दुपारी पुन्हा पाहिली. विसरल्या असतील, म्हणाला. आदल्या संध्याकाळी काठीचा आवाज आला नव्हता, हेही त्याच्या लक्षात आलं होतं... बरं झालं, आज शांतता आहे, असं त्याला वाटलं होतं.

रविवारी सकाळी खेळाचे सर वर आले. दाराशी दोन पिशव्या. त्यांनी हाका मारल्या, मग खांद्याने दार तोडलं. आतून कडी होती.

बाई दाराजवळच होत्या. स्वयंपाकघरात पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. तिथून सरपटत दारापर्यंत आल्या होत्या. हात दाराकडे. कडीपर्यंत पोचला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "पडल्यात शुक्रवारी दुपारी. गेल्यात शनिवारी रात्री कधीतरी."

खेळाचे सर जिन्यात आले. मग परीक्षकाकडे वळून म्हणाले, "पण बेल वाजली नाही, तेव्हा तुम्ही गेला नाहीत?"

"कसली बेल?"

"आधीच्या भाडेकरूंनी सांगितलं नाही तुम्हाला? आम्हाला वाटलं, सांगितलं असेल. अहो, आमच्या गावात मुलं शिकून बाहेर जातात. शेजारी येतात ते दोन-तीन वर्षांसाठी. ओळख वाढवावी, तर माणूस सामान बांधून निघून जातो. म्हणून कुणी फार विचारपूस करत नाही. पण एकटं राहणारं प्रत्येक जण संध्याकाळी समोरच्याला एक बेल देतं. म्हणजे, मी आहे, ठीक आहे. समोरच्याने परत एक द्यायची. आणि नाही वाजली... तर जाऊन बघायचं. एवढंच."

सगळे जिन्यात उभे होते. वहिनीही. सगळे याच्याकडे बघत होते.

पोरांनो, तेव्हा तो म्हणाला असता ना, "मला माहीत नव्हतं, मी वायर काढली," तर लोक दोन दिवस बोलले असते आणि गप्प बसले असते. पण माणसाची जीभ अशा वेळी स्वतःच्या मनाने चालते. तो म्हणाला, "वाजली होती ना. शुक्रवारी वाजली. काल पण वाजली, सातला."

मग डॉक्टर हळूच म्हणाले, "काल? काल त्या उठूच शकत नव्हत्या."

"आतून कडी होती," सर म्हणाले.

झालं. दुपारपर्यंत गावभर झालं की बाई जमिनीवर पडलेल्या असताना बेल वाजली. जीव घुटमळला, शेजाऱ्यावर केवढी माया! आणि गंमत बघा. जी माणसं तीन महिने दगड होती, ती याच्याशी बोलायला लागली. दुकानदार आपणहून म्हणाला, "बसा हो, पाणी घ्या." जिन्यातली माणसं थांबून विचारायची, "झोप लागते ना?" सर रोज वर यायचे. परीक्षकाला जे हवं होतं ते सगळं मिळालं. फुकट... म्हणजे, एका खोट्यावर.

बाईंची भाची लांबून आली. तिला बाईंशिवाय कुणी नव्हतं. याच्यासमोर बसून म्हणाली, "दादा, मी शुक्रवारी रात्री फोन केला होता. उचलला नाही. मला वाटलं, रुसली असेल. पण बेल दिली, म्हणजे तिला वाटलं असेल ना की आपलं कुणी आहे पलीकडे? तुम्ही परत दिलीत ना बेल?"

वहिनी शेजारी बसल्या होत्या.

"दिली," तो म्हणाला.

भाची त्याचे हात धरून रडली. तो मला सांगत होता, "तिचे हात गरम होते रे. मला माझेच हात तोडून टाकावेसे वाटले."

भाची परत गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सातला बेल वाजली.

हो. वायर काढलेली. टर्र... एकदाच.

त्याने स्टूल लावलं, झाकण उघडलं. वायर लोंबत होती. त्याने पेटीच काढून कपाटात टाकली. दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा. आवाज कपाटातून नाही... दारावरून. जिथे आता नुसत्या स्क्रूच्या भोकांची भिंत होती, तिथून.

रोज. सातला. हा एकटा असताना. त्याने मनाची समजूत घातली होती की हे माझ्या कानात आहे, मला टोचतंय म्हणून. खाणं सुटलं. बैठकीत बोलता बोलता गप्प व्हायचा.

मग आली फेब्रुवारीची सहा तारीख. शुक्रवार. वहिनींना ताप होता, म्हणून त्या घरी होत्या. साडेसहाला लाईट गेली. सगळी इमारत अंधारात. वहिनी पांघरूण घेऊन बाहेरच्या खोलीत कोचावर पडल्या होत्या, हा मेणबत्ती लावत होता.

टर्र...

याचा हात थांबला. त्याने वहिनींकडे पाहिलं नाही. म्हटलं, हिला ऐकू गेलं नसेल. जायला नकोच.

वहिनी म्हणाल्या, "अरे, बेल वाजली. बघ ना कोण आहे."

तो उभाच.

"ऐकू नाही आलं का?" मग त्या उठून बसल्या. "अरे... लाईट नाहीये. मग बेल कशी वाजली?"

तो दाराशी गेला. भिंगातून पाहिलं. काळोख.

पुन्हा टर्र...

"कोण आहे?" तो म्हणाला. पुन्हा म्हणाला.

बाहेर काही घासलं. जमिनीवरून. हळू. थांबलं. पुन्हा घासलं. दारापर्यंत आलं.

मग फटीतून, अगदी खालून, त्याच्या पायांपाशी...

"मी आहे."

...

वहिनींना बोलणं ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "कोण आहे रे?"

बघा. तेव्हा एक पाऊल होतं. दार उघडायचं, नाहीतर मागे वळून बायकोला सगळं सांगायचं. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं. तो मला म्हणाला, "दोन्ही माझ्या हातात होतं. ही विचारत होती, आणि बाई... त्या पण वाट बघत होत्या. खाली."

तो म्हणाला, "कोणी नाही."

बाहेर काहीच झालं नाही. घासलं नाही. कुणी गेलं नाही. नुसतं शांत झालं... आणि त्यानंतर बेल कधीच वाजली नाही.

त्यांनी ते गाव सोडलं. वहिनींनी दुसरीकडे नोकरी घेतली. सगळं गाव निरोपाला खाली उतरलं होतं म्हणे. सरांचे डोळे भरले होते. वहिनी म्हणाल्या, "किती चांगली माणसं रे. आपण उगीच नावं ठेवली." परीक्षक गाडीत बसून राहिला, काच खाली केली नाही.

गेल्या वर्षी मी त्यांच्या नव्या घरी गेलो. मोठं शहर, अकरावा मजला, कोरी इमारत. बेल लावलेलीच नाही, लोक दार वाजवतात. त्याच दिवशी त्याने मला हे सगळं सांगितलं. वहिनींना अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही कुठे बोलू नका.

निघताना मी बाहेर, दाराशी, वाकून बुटाच्या नाड्या बांधत होतो. भिंत पांढरीशुभ्र. आणि खाली, जमिनीपासून वीतभर वर, एक काळपट गोल डाग. जुन्या घरात बटणाभोवती वर्षानुवर्षं बोटं लागून पडतो ना, तसा तेलकट. तिथे बटण नाही. वायर नाही. काही नाही.

मी डागाकडे बघतोय हे वहिनींनी पाहिलं. म्हणाल्या, "पोरं कुणाची तरी हात लावतात, भावजी. पुसते मी. संध्याकाळी परत असतो."

मी परीक्षकाकडे पाहिलं. त्या मजल्यावर एकही पोर राहत नाही.