गोळीनंतर येणारा

मुलुंडला राहायला आल्यापासून धोंडूंच्या ताटात दुपारचा मासा कधी चुकला नव्हता. पार्किन्सनच्या गोळीने तो चुकवला. माशाबरोबर घेतली तर गोळी नीट लागू पडत नाही, तेव्हा मासे रात्री, असं डॉक्टरांनी बजावलं. मालवणी माणसाला याहून मोठी शिक्षा कोणती? पण गुण झकास आला. एकेकाळी गिरणीत मागावर उभा राहणारा हा गडी लाकडासारखा ताठला होता, तो गोळी घेतली की अर्ध्या तासात उठून चालू लागायचा. सुलक्षणाबाईंना आणखी काय हवं होतं?

मग त्याच गोळीनंतर धोंडूंना दारात एक माणूस दिसू लागला. उघडाबंब, हसणारा. डॉक्टर म्हणाले, या औषधाने असे भास होतात, वाद घालू नका. सुलक्षणाबाई पडल्या कोकणातल्या. दारात आलेल्याला उभं ठेवायचं नाही, हे अंगातच मुरलेलं. नवऱ्याचं समाधान म्हणून त्या रिकाम्या दाराला म्हणाल्या, "येवा, बसा." वर चहाचा कपही ठेवला.

धोंडू पांढरेफटक पडले. "बोलवलंस कित्याक गो? तो भायर उभो हुतो."

त्या दिवसापासून काठी सुरू झाली. बायकोच्या आजूबाजूची हवा ते झोडपून काढायचे. टीव्ही फुटला, लोणच्याची बरणी फुटली, एक फटका निसटून सुलक्षणाबाईंच्या कपाळाला टाके पडले. लेक दिशा घाटकोपरहून धावत आली. पुन्हा असं झालं तर बाबांना संस्थेत ठेवणार, म्हणाली. सुलक्षणाबाईंच्या काळजाचं पाणी झालं. सगळा जन्म ज्याच्याबरोबर काढला, त्याला परक्यांच्या हवाली करायचं? डॉक्टरांना विचारून त्यांनी गोळी निम्मी केली.

भास थांबले. धोंडूही थांबले. खुर्चीत ताठ बसून राहायचे, घास भरवावा लागायचा. एकदाची ब्याद टळली, असं म्हणत सुलक्षणाबाई ओट्यापाशी भाकरी थापत होत्या.

भर दुपारी कोणीतरी त्यांचा अंबाडा धरला.

डोकं ओट्यावर आपटलं. पुन्हा आपटलं. दात ओठात रुतला, पिठात रक्त पडलं. कशाबशा सुटून त्या वळल्या. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. बाहेर धोंडू खुर्चीत तसेच. बायकोची किंकाळी ऐकून डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हात मात्र उचलत नव्हता.

दिशाला सांगून काय होणार? तिने बापावरच आळ घेतला असता आणि उद्याच गाडी आणली असती.

त्यांनी पूर्ण गोळी नवऱ्याच्या तोंडात घातली, काठी मांडीवर ठेवली आणि समोर उभ्या राहिल्या. "आता सोडू नकात मेल्याक."

हळूहळू बोटं सैल झाली. धोंडू उठले. काठी वर गेली.

तिथेच राहिली.

"मारा ना. खंय आसा तो?"

"कसो मारू? तुका पुढ्यात धरल्यान हा."

सुलक्षणाबाईंनी खांद्याकडे पाहिलं. पदर पाच ठिकाणी दबला होता, आणि ते दाब हळूहळू गळ्याकडे सरकत होते.