गाळलेली शांतता

"शुभम, हसू नको ना! मोबाईलमधी तुयंच खिदळणं येऊन राह्यलं!" आचल दबक्या आवाजात ओरडली.

जाम गावातल्या घरामागे, कडुनिंबाखालच्या बाजेवर, शुभमचे वडील सदाशिवराव, म्हणजेच आचलचे मोठेबाबा, दुपारचे घोरत होते. त्यांचे घोरणे मोबाईलवर टिपण्याचा सुट्टीतला हा उद्योग शुभमला गमतीचा वाटे. आचलने मात्र तो काळजीने मांडला होता. परवाच भरदिवसा गाडी चालवताना मोठेबाबांचा डोळा लागला होता आणि भाजीने भरलेली गाडी मुरमाच्या ढिगाऱ्यात शिरली होती. शिवाय त्यांचे घोरणे मध्येच थांबते, हे तिने स्वतः ऐकले होते.

संध्याकाळी मुलांनी ते ध्वनिमुद्रण सर्वांना ऐकवले. घोरणे कसे, अगदी अखंड!

"बापा, काय इंजिन हाय!" मोठेबाबा खदखदून हसले. "पोरी, घोरते तोच माणूस निवांत झोपते! परवा शुभमले संगं घेऊन नागपूरले भाजी नेतो."

आचलचा चेहरा उतरला. आपलेच कान चुकले की काय? तिने मोबाईल पुन्हा हाती घेतला, मुद्रणाची वेळ पाहिली आणि ती दचकली.

"शुभम, ते तर चांगले तासभर झोपले होते. मंग हे अर्ध्या तासातच काऊन संपलं?"

शुभमने सेटिंग उघडले. "आरे बापा! 'शांत भाग वगळा' चालू हाय! आवाज नसला का हा मोबाईल तेवढं गाळून टाकते!"

"म्हणजे आपल्याले जे पाह्यजे होतं, तेच यानं फेकलं!"

दुसऱ्या दुपारी ते सेटिंग बंद करून मुलांनी पुन्हा मुद्रण केले आणि चहाच्या वेळी ऐकवले. घोरणे सुरू झाले, चढले, आणि तुटले. मागे नुसता कडुनिंबावरचा होला घुमत राहिला. शुभमचे हसू मावळले. शांतता लांबतच गेली.

"अवो, श्वास घ्या ना!" मोठी आई, म्हणजे शुभमची आई, मोबाईलकडे पाहून किंचाळली. मोठेबाबा तर तिच्या शेजारीच बसले होते!

तोच मोबाईलमधून बुडत्या माणसासारखी धाप उसळली.

त्याच संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टर माधवीताईंनी ते मुद्रण दोनदा ऐकले. "एवढ्यावरून आजार ठरवता येत नाही, पण झोपेत श्वास अडत असावा, अशी दाट शंका येते. वर्ध्याला रात्रभराची तपासणी करून घ्या. तोवर गाडी चालवायची नाही! आणि मुलांनो, शाबास! घोरण्याची तक्रार सगळेच आणतात. ते थांबल्याची कोणी आणत नाही."

मोठेबाबांनी गाडीची किल्ली मोठ्या आईच्या हातात ठेवली. तिने आचलला जवळ ओढले.

"घोरणं थांबलं का मले वाटे, आता झोपले बा निवांत. मंग मी बी डोळे मिटून घेत होती." ती आचलच्या केसांवरून हात फिरवू लागली. "तू मात्र जागी राह्यली, पोरी."