बुधवार चुकायचा नाही

"ही लाइन कानाची का?"

मागून एवढ्या मोठ्याने आवाज आला की जयूने आईच्या ओढणीत तोंड लपवलं. योगिता फणकाऱ्याने वळली. "अहो, ओरडता कशाला? लेकरू घाबरलं ना!"

"ओरडलो मी?" तो गोरामोरा झाला. "उधन्याच्या कापड कारखान्यात लूम चालवतो ना... तिथं असं बोलल्याशिवाय कुणाला ऐकूच येत नाही."

सरकारी दवाखान्याच्या केसपेपरच्या खिडकीशी योगिता आज पुन्हा उभी होती. वडील गेल्यापासून जयूने बोलणंच टाकलं होतं. शाळेने नाव कमी करायची भाषा केली, डिंडोलीतल्या शेजारणींनी भगताचे पत्ते दिले. योगिताला हवा होता मुलांच्या मनाचा डॉक्टर. त्या डॉक्टरबाई फक्त बुधवारी येत, आणि खिडकी दर बुधवारी काहीतरी नवं खुसपट काढून तिला परत पाठवी.

आज खिडकीतल्याने गुजरातीत मुलीच्या वडिलांनाच घेऊन यायला सांगितलं, "एना पप्पाने लईने आवजो, बेन."

"वारलेत ते! किती वेळा सांगू?"

मागचा माणूस, कुंदन त्याचं नाव, आवाज दाबून म्हणाला, "मी उभा राहू... बाप म्हणून? कुणाला काय कळतंय?"

योगिताने त्याच्याकडे पाहिलं. डोळे मोठे लाघवी होते, आणि ते आपल्या लक्षात आलं याचाच तिला राग आला.

"नको. डॉक्टरांना पहिलीच गोष्ट खोटी सांगू? आई आहे ना मी? पुरे झालं."

ती जयूला घेऊन थेट डॉक्टरांच्या दाराशी जाऊन बसली. कुंदनही आपला नंबर सोडून समोर येऊन बसला. लूमच्या खडखडाटात कारागीर हातांनीच बोलतात. तसं त्याने जयूला खुणेनं विचारलं, चहा? जयूने नाही म्हणून मान हलवली. मग हळूच बोटांनी गोल केला — बिस्किट! किती दिवसांनी पोरीने काहीतरी मागितलं होतं.

डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा ती उठली. "हिला तपासल्याशिवाय मी हलणार नाही."

त्यांनी दोघींना आत घेतलं.

मग दर बुधवारी कुंदन रात्रपाळी करून, तांबारलेल्या डोळ्यांनी हजर!

"कानाचं काय झालं तुमच्या?"

"एकाने कमी ऐकू येतं. म्हणून तर जवळ बसतो..."

"मग दुसऱ्याने ऐका — लांबून!" म्हणत ती जरा सरकली, पण त्याला जागा व्हावी म्हणून.

थंडीत एकदा जयू डॉक्टरबाईंना म्हणाली, "पाणी." बाहेर आल्यावर योगिता पायरीवर बसून मनसोक्त रडली. कुंदन शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "मला... तुमच्या दोघींबरोबर राहायचंय. लग्न करून."

तिने डोळे पुसले. "मलाही तुम्ही आवडता. खूप. पण ऐका, बुधवार चुकायचा नाही. आणि तुमच्या घरात कुणी हिला वेडी म्हटलं, तर हिला घेऊन त्याच पावली निघेन."

"आणि मी?"

"तुम्ही सामान उचलायचं."

"कधी निघायचं?"

"अहो, आधी लग्न तर होऊ द्या!"