बिनतोंडाचा बकरा

फर्रर्र...

दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरातून कागद चाळल्याचा आवाज आला. व्हर्ना परसात कपडे वाळत घालत होती. तिचा हात दोरीवरच थांबला.

हसू नका, हे घडलेलं आहे. लॉस एंजेलिस, १९३१ चा मार्च महिना. व्हर्ना स्टुडिओत माझ्या शेजारी बसून चित्रांवर शाई फिरवायची. तिनं सांगितलं तसंच सांगतेय.

तिचा नवरा ऑर्विल कार्टूनमधला बकरा काढायचा. बकऱ्याचा आवाजही त्याचाच. त्याची कामाची एक रीत होती. तोंड सगळ्यात शेवटी काढायचं. समोर आरसा ठेवून, ते शब्द स्वतः बोलत, आपलेच ओठ बघत.

त्याच आरशात त्यानं नेटीला ओठ वाचायला शिकवलं. सात वर्षांची लेक, तापात कान गेलेले. बापाचा आवाज अख्ख्या शहराला ठाऊक. तिच्या वाट्याला फक्त त्याचे ओठ.

फेब्रुवारीत ऑर्विल न्यूमोनियानं गेला. बकऱ्याचं एक गाणं अर्धवट राहिलं...

चित्रं तयार. तोंडं कोरी.

स्टुडिओचे मालक गिफर्ड साहेब, त्यांनी चित्रांचा गठ्ठा व्हर्नाच्या हातात ठेवला. "तूच पुरं कर, पोरी. बिनतोंडाचा बकरा नेला तर थिएटरवाले आपल्याला तोंड दाखवू देणार नाहीत."

लेक निजली की व्हर्ना त्याच आरशासमोर बसायची. त्याच्यासारखीच गाणं म्हणत एकेक तोंड काढायची.

आणि त्या दुपारी स्वयंपाकघरात नेटी तो गठ्ठा अंगठ्यानं भराभर चाळत होती, म्हणजे बकऱ्याचं तोंड हलतं. बाप चाळायचा तसा.

व्हर्ना तिच्यासमोर बसली. "काय गातोय गं बकरा?"

"गात नाहीये. बाबा बोलतायत. म्हणतात, इथे फार थंडी आहे."

पोरीला बापाची आठवण येतेय, व्हर्नाला वाटलं. तिनं तिला पोटाशी धरलं.

पुढच्या खेपेला नेटी काहीच सांगेना. खोदून विचारल्यावर म्हणाली, बाबांनी आईला सांगायचं नाही म्हटलंय.

मग एके दिवशी भर उन्हात ती फाटकापाशी सापडली...

अंगात लोकरीचा कोट. बाबांनी बोलावलंय म्हणाली.

व्हर्नानं गठ्ठा उचलला आणि परसातल्या कचऱ्याच्या भट्टीत घातला. नोकरी गेली तर गेली. शेवटचा कागद राख होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

आत येऊन तिनं नेटीची हनुवटी धरली. सावकाश, शब्द न् शब्द सुटा करत म्हणाली, "बाबा गेले, बाळा. तू कुठेही जायचं नाहीस. माझ्याजवळ राहायचं."

नेटी तिच्या ओठांकडे बघत राहिली.

मग शहाण्यासारखी मान डोलावली...

आणि कोटाची बटणं लावू लागली.

व्हर्नानं तिचे खांदे धरले. "नेटी, जायचं नाही!"

नेटीनं बोट उचलून हलकेच आईच्या ओठांवर ठेवलं.

"आई, बाबा तुझ्या तोंडानं का बोलतायत?"