काळ्या गिटारीच्या आत

तुळशीला पाणी घालून, पोथीचा एक अध्याय वाचून मगच रंभा पेणहून रोह्याच्या एसटीत बसली. चातुर्मासातले तिचे नेम कडक होते. एकवेळ जेवायचं, आणि खोटा शब्द तोंडातून काढायचा नाही. हा दुसरा नेम हर्षदला ठाऊक होता. म्हणूनच तर त्याने बोलावलं होतं.

अठ्ठ्याण्णव साल, भाद्रपदाचे शेवटचे दिवस. गणपती जाऊन दोन आठवडे झाले होते आणि गावोगावच्या मूर्तींच्या शेडी रिकाम्या पडल्या होत्या. रंभाचा नवरा बाबाजी हमरापूरच्या कारखान्यांना गणपतीचे साचे करून द्यायचा. हर्षदची रोह्याच्या एमआयडीसीत फायबरची शेड. कोकणच्या पावसाळ्यात लाकडी गिटार फुगते, सूर सोडते, तेव्हा कार्बनच्या काळ्या कापडाची करावी असं हर्षदच्या डोक्यात आलं. साचा बाबाजीने केला. पहिली गिटारही त्यानेच दाबली. रेझिनचा चिकट रस लावलेलं कापड साच्यात शाडूसारखं अंगठ्याने बसवायचं आणि गरम खोलीत शेकायचं. ज्येष्ठात बाबाजी ती गिटार बघायला त्या खोलीत गेला आणि जिवंत बाहेर आला नाही.

हर्षद म्हणाला, हार्ट फेल.

पण अंघोळ घालताना रंभाने नवऱ्याची नखं पाहिली होती. दहाच्या दहा तुटलेली. काय घडलं ते तिने डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, म्हणून ती कोणाजवळ बोलली नाही. देवाजवळ मात्र रोज एकच मागायची. खरं काय ते हर्षदच्या तोंडून निघू दे.

शेडीत टेबलावर दोन काळ्या गिटारी शेजारी शेजारी पडल्या होत्या. एका घाटाच्या, एका झिलईच्या. भिंतीवर छापील पत्रक होतं, त्यावर कारागीर म्हणून एकट्या हर्षदचं नाव.

"या वहिनी. चहा सांगू?"

"नको. नेम आहे."

"यातली एक बाबाजीची, एक मी श्रावणात केलेली. पॉलिश करताना चिठ्ठ्या निघाल्या, आता कळायला मार्ग नाय."

"वाजवून बघायच्या."

"तीच तर पंचाईत हाय! माझी ठक्क वाजायची, पत्र्याच्या डब्यासारखी. कालपासून दोन्ही सारख्याच गोड वाजतात." त्याने घाम पुसला. "चार वाजता मुंबईचे गिटारींचे व्यापारी डिमेलो येतात. ते एक निवडणार, तिच्यावरून पुढच्या सगळ्या करायच्या. चुकीची गेली तर माझं नाक कापलं जाईल. तुम्हाला त्याचा हात कळतो. आणि तुम्ही खोटं बोलणार नाय."

त्याने तारा सैल केल्या. रंभाने पहिल्या गिटारीच्या गोल भोकातून हात आत घातला. आत ओळीने खळगे होते, अंगठ्याएवढे, रुंद. कोरडे आणि गार. तिने क्षणभर डोळे मिटले.

मग दुसरी. हर्षद अंगठ्याऐवजी रोलर फिरवायचा, तेव्हा ही त्याची, आतून गुळगुळीत असायला हवी होती. होतीही. मग तिच्या बोटांखाली एक खळगा पडला. पडला, म्हणजे आधी तो तिथे नव्हता. त्याच्याशेजारी दुसरा. भिंत ओल्या शाडूसारखी मऊ लागत होती, आणि तिला ऊब होती. ती ऊब रंभाच्या अठरा वर्षांच्या ओळखीची होती.

तिने हात सावकाश बाहेर काढला, पदराला पुसला.

"कुठली?"

"दोन्ही त्यांच्याच हातच्या."

"चेष्टा करता काय वहिनी?"

"मला चेष्टा येत नाही, हर्षदभाऊ."

हर्षद खुशीत हसला. "म्हणजे माझा हात त्याच्याइतका बसला म्हणा की!" कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून रंभा मनातल्या मनात जप करू लागली.

हर्षदने तारा पुन्हा ताणून सुरात लावल्या. डिमेलो वेळेवर आले. सावकाश बोलणारे, म्हातारे गृहस्थ. त्यांनी दोन्ही गिटारी बराच वेळ वाजवल्या. "निवडणं कठीण आहे," म्हणाले आणि खिशातली छोटी बॅटरी काढून आत डोकावले. पहिली पाहून मान हलवली. दुसरी पाहताना थबकले.

"हे आत ठसे कोणाचे?"

"माझेच. दोन्ही मीच केल्यात."

"तुमचा अंगठा तर बारीक दिसतो."

"हे बघा ना, बरोबर बसतो." हर्षदने घाईने तारा सैल केल्या आणि हात आत घातला.

त्याचं हसू गेलं.

त्याने हात ओढला. गिटार हाताबरोबर उचलली गेली.

"अडकला," तो म्हणाला. मग म्हणाला, "धरलाय."

डिमेलो दोन पावलं मागे सरले.

काळ्या पोटातून तार न छेडता एक खोल सूर निघाला. हर्षदचा कोपर वाकडा व्हायला लागला.

"सोड! बाबाजी, सोड! साचा तुझा, गिटार तुझी!"

सूर थांबला नाही.

"बाहेरून कडी मी घातली. गरमी जाईल म्हणून. तू दार वाजवत होतास, मी ऐकलं. मी ऐकत बसलो."

सूर थांबला. हात सुटला नाही.

"वहिनी, सांगा त्याला. तुमचं ऐकेल."

रंभा उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बाई," डिमेलो म्हणाले, "मी काय करू?"

"ती पहिली घेऊन जा. नाव बरोबर लिहा."

"आणि ही?"

"ही हर्षदभाऊंना राहू दे."

सव्वापाचची गाडी तिला मिळाली. मागाहून कामगारांनी करवतीने गिटार कापली म्हणे. आत काही नव्हतं.

महिन्याभराने हर्षदची बायको नूतन पेणला आली, दारातच बसली.

"हात धड हाय वहिनी. पण त्यांचं ऐकत नाय. त्यांच्याच अंगावर अंगठा दाबत असतो, दिवसभर. तळपायापासून सुरू झाला. दाबतो तिथे खळगा पडतो, तो भरून येत नाय. एक शब्द बोला ओ, पाया पडते."

रंभा वाती वळत होती.

"कुठवर आलाय?"

"छातीपर्यंत."

रंभाने वळलेली वात ताटात ठेवली. दुसरा कापूस घेतला.

"आमच्या यांना कामात घाई चालत नाही," ती हलकेच म्हणाली.